सैन्यातल्या मेजरशी लग्न ठरतंय. बदल्या, नोकरी, घर हे सगळं कितपत जड जातं?

इन्फंट्रीतल्या मेजरचं स्थळ आलंय, मुलगा आवडलाय, तू पुण्यात आयटीत आहेस आणि घरचे म्हणतात की जन्मभर बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरशील. ते खरं का, असा तुझा प्रश्न आहे. (वयाने माझ्या मुलीएवढी असशील, म्हणून सरळ ‘तू’ म्हणते.) माझे यजमान मराठा लाइट इन्फंट्रीतून कर्नल म्हणून निवृत्त झाले. बदल्या खऱ्या आहेत, दर दोन-तीन वर्षांनी होतात. पण त्यांची धास्ती लोक उगाच घेतात.

सामान हलवणं ही हमाली आहे, ती जमते. काळ्या ट्रंका, त्यांवर पांढऱ्या रंगात नाव, हुद्दा, युनिट. आमच्या ट्रंकांवर ‘कॅप्टन’ खोडून ‘मेजर’, त्यावर ‘ले. कर्नल’ असे थर चढत गेले. क्वार्टर सोडताना ‘मार्चिंग आऊट’ होतं. एमईएसचा, म्हणजे सैन्याच्या बांधकाम-दुरुस्ती खात्याचा माणूस यादी घेऊन येतो आणि पंखे, ट्यूबलाइट, नळ, गीझर, काचा मोजतो. काही तुटलेलं निघालं की ‘बॅरॅक डॅमेज’चे पैसे भरा. मी पुढे पुढे घरात शिरतानाच तडकलेली प्रत्येक काच दाखवून त्याच्याकडून लिहून घ्यायची. तूही घे.

जड जातं ते दुसरंच. पीस, म्हणजे शांत भागातली छावणी, आणि फील्ड, म्हणजे सीमेवरचा किंवा अशांत भाग, अशा पाळ्या असतात. फील्डला बहुतेक ठिकाणी कुटुंब नेता येत नाही. तू सासरी किंवा माहेरी राहायचं, नाहीतर एखाद्या छावणीत अशा कुटुंबांसाठी राखलेल्या ‘एसएफ’ (सेपरेटेड फॅमिली) क्वार्टरमध्ये. नवऱ्याचा पत्ता म्हणजे युनिटचं नाव आणि ‘द्वारा ५६ एपीओ’ (एपीओ म्हणजे सैन्याचं पोस्ट ऑफिस), तो पूर्वेकडे असला तर ९९. वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि २० दिवस नैमित्तिक रजा असते. मिळते तेव्हा मिळते.

आणि पीसमध्ये असलात म्हणजे एकत्र असालच असंही नाही. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रम सुरू झालं. आमचं युनिट तेव्हा पीसमध्येच होतं. बघता बघता छावणीतले पुरुष सीमेवर गेले. मागे राहिली रिअर पार्टी, म्हणजे रेशनपाणी बघणारे मूठभर जवान, आणि आम्ही बायका. जवानांच्या बायका सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या. काही नुकत्याच लग्न होऊन आलेल्या, हिंदी धड न येणाऱ्या. त्यांना एमआय रूमला, म्हणजे छावणीतल्या दवाखान्यात नेणं, मुलांच्या शाळेत जाणं, बँकेचे फॉर्म भरून देणं हे अधिकाऱ्यांच्या बायकांकडे आपोआप येतं, कुणी सांगत नाही. एक पोरगी रोज फाटकाशी थांबून विचारायची, “मॅडम, लढाई लागंल का ओ?” पेपरात आलं होतं त्यापलीकडे मला तरी काय माहीत होतं! लढाई झाली नाही, तरी सुरुंग पेरताना आणि काढताना माणसं गेली. सैन्य मागे घ्यायचं ठरलं ते ऑक्टोबर २००२ मध्ये.

खरी कसोटी त्यानंतर. तोवर गॅस, बँक, मुलीची शाळा, सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं मी एकटीने निभावलेलं. हे आले आणि दुसऱ्याच दिवशी विचारलं, “दूधवाला का बदलला?” मुलीला काही हवं असलं की ती यांच्यासमोरून उठून स्वयंपाकघरात माझ्याकडे यायची. “मला सांग ना,” हे म्हणायचे. ती मान डोलवायची आणि यायची माझ्याकडेच. कंपनीतली, म्हणजे हाताखालच्या तुकडीतली शंभरावर माणसं ज्यांच्या शब्दावर उठायची, त्यांचं घरात पाच वर्षांची पोर ऐकेना. शेवटी आम्ही ठरवलं की फील्डहून आल्यावर पहिला महिना यांनी घरातलं काही म्हणजे काही बदलायचं नाही. मुलीला शाळेत सोडायचं, भाजी आणायची, बस्स. हा नियम आम्ही निवृत्तीपर्यंत पाळला. लग्नाआधी त्याच्याशी बोलायचं तर यावर बोल. “तुला काही झालं तर” हा विषय सगळेच काढतात, हा कुणी काढत नाही.

आता तुझी नोकरी. मी बी.एड. आहे. छावणीतल्या शाळांत जागा मिळायची, पण बहुधा तात्पुरती. नवं गाव, नवी मुलाखत, पुन्हा पहिल्यापासून. ज्येष्ठता म्हणून काही माझ्या वाट्याला आलंच नाही, आणि त्याचा राग मला आजही आहे. “तुमचं काय बाई, क्लब, मेस, कॅन्टीन!” म्हणणाऱ्यांना तो कळत नाही. तुझं काम घरून होण्यासारखं असेल तर अजिबात सोडू नकोस. तो फील्डला असेल तेव्हा पुण्यात राहून खुशाल नोकरी कर. त्याबद्दल कुणी टोमणा मारला तर मारू दे. ‘आवा’च्या, म्हणजे अधिकारी-जवानांच्या बायकांच्या संघटनेच्या कार्यक्रमांना मात्र जावं लागेल. वेलफेअर मीट कामाची असते, तिथे कुणाचं काय अडलंय ते कळतं. सजावटीच्या स्पर्धा मला कधीच झेपल्या नाहीत.

बढतीचंही ऐकून ठेव. लेफ्टनंट कर्नलपर्यंत सध्या सेवेच्या १३ वर्षांनी पोचता येतं. त्यापुढे निवड मंडळ, आणि जागा थोड्या. चांगले चांगले अधिकारी तिथे अडतात. बोर्डाचा निकाल लागला की त्या आठवड्यात छावणीत कोण कुणाकडे पेढे घेऊन जातं आणि कोण कुणाला टाळतं, हे बघण्यासारखं असतं. कोर्समेट, म्हणजे बरोबरीने प्रशिक्षण घेतलेला अधिकारी पुढे गेला आणि आपला माणूस राहिला, तर घरात बरेच दिवस जपून बोलावं लागतं. कर्नल झाला तरी ५४ व्या वर्षी निवृत्ती. मुलं तेव्हा कॉलेजात, पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी, आणि क्वार्टरमध्ये राहायची सवय लागल्यामुळे स्वतःचं घर घ्यायचं राहून गेलेलं. चाळिशीच्या आत घर बुक करा.

आणि एक अगदी कोरडं काम. लग्न झालं की त्याच्या मागे लागून ‘पार्ट टू ऑर्डर’, म्हणजे लग्नाची सैन्यातली अधिकृत नोंद, काढून घे. ती निघेपर्यंत सैन्याच्या दफ्तरी तू त्याची बायको नाहीसच. डीएसओपी फंड (अधिकाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी) आणि आर्मी ग्रुप इन्शुरन्स (सैन्याचा सामूहिक विमा), दोन्हीकडे वारस म्हणून कुणाचं नाव आहे तेही बघ, कारण लग्नानंतरही ते आईच्या नावावर तसंच राहून गेलेलं असू शकतं. आपल्याकडे लग्नात नाव, मधलं नाव, आडनाव सगळंच बदलायची हौस. बदलायचंच असेल तर आधार, पॅन, पासपोर्ट आणि त्याची सैन्याची कागदपत्रं, सगळीकडे एकाच वेळी आणि एकाच स्पेलिंगने बदल. नाहीतर माहेरचं आहे तेच राहू दे. मधल्या नावातल्या एका अक्षरावरून पेन्शनचे कागद परत आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.