जुन्या स्वस्त खाऊवरून मराठीत कोणते शब्दप्रयोग आले?

रेवडी, फुटाणे, गूळ अशा जत्रेतल्या आणि फडताळातल्या स्वस्त खाऊवरून मराठीत काय काय आलं, असं तुम्ही विचारलंय. पुष्कळ आलं, पण बहुतेक ठिकाणी बिचाऱ्या खाऊची लायकीच काढलेली आहे.

रेवडीचंच बघा. ‘सभेत त्याची पार रेवडी उडवली’ म्हणजे चारचौघांत टिंगल केली. वास्तविक रेवडी करायला मनगटात जोर लागतो. साखरेचा किंवा गुळाचा पाक घट्ट झाला की खुंटीला अडकवून ओढायचा, दुमडायचा, परत ओढायचा. आत हवा शिरत जाते तसा पाक पांढुरका होतो आणि रेवडी दाताखाली चटकन फुटते. मग तुकडे चपटे करून भाजलेल्या तिळात घोळवायचे. एवढं करून नशिबी टिंगल! गावजत्रेतल्या कुस्तीच्या फडातही तिची पायरी खालचीच. नावाजलेल्या पैलवानांची जोड रोख इनामावर, आणि त्याआधी पोरासोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर. जिंकणाऱ्याच्या ओंजळीत मूठभर टाकायच्या, की झालं.

‘रेवडी वाटणे’ मात्र हिंदीकडून आलं. ‘अंधा बांटे रेवड़ी, फिर फिर अपने को दे’ ही तिकडची जुनी म्हण. १६ जुलै २०२२ ला बुंदेलखंड एक्सप्रेसवेच्या उद्घाटनात पंतप्रधान मोदी ‘रेवडी कल्चर’वर, म्हणजे मतांसाठी फुकट वाटण्याच्या सवयीवर, बोलले आणि आपल्या वर्तमानपत्रांनी ‘रेवडी संस्कृती’ उचलली. तेव्हापासून मराठीत रेवडी उडतेही आणि वाटलीही जाते. निवडणुकीच्या दिवसांत दोन्ही एकदमच.

फुटाण्यांचं थोडक्यात सांगतो. पुरस्कार, पदव्या वाटेल त्याला मिळायला लागल्या की ‘चण्याफुटाण्यासारख्या वाटल्या’ म्हणतात. बारक्या अंगाचा, पटकन चिडणारा माणूस ‘फुटाण्यासारखा तडतडतो’.

खरी मजा गुळात आहे, आणि ती साखर शेजारी ठेवली की कळते. साखर एकेकाळी महागाची चीज, म्हणून तिच्या वाट्याला आशीर्वाद: ‘तुझ्या तोंडात साखर पडो’, ‘दुधात साखर’, ‘साखरेचं खाणार त्याला देव देणार’. गूळ घरोघरचा, म्हणून त्याच्या वाट्याला टोमणे. ढिम्म माणूस ‘गुळाचा गणपती’. अडाण्याला कौतुक नसलं की ‘गाढवाला गुळाची चव काय’. काम काढून घ्यायला कुणाला लालूच दाखवली तर ‘गूळखोबरं दिलं’. साखरेवर ‘साखरपेरणी’चा तेवढा एक डाग आहे, पण तोही जरा शिष्टाचाराच्या सुरात.

आणि बैठक संपता संपेना की ‘चर्चेचं गुऱ्हाळ’! कोल्हापूरकडे गुऱ्हाळावर कधी थांबला असाल तर हे लगेच पटेल. उसाचा रस काहिलीत तासन् तास आटत असतो, मळी काढायची, ढवळायचं, पुन्हा जाळ घालायचा. फरक एवढाच की तिथे शेवटी ढेप निघते.

या सगळ्यात एकच म्हण गुळाची बाजू घेते: ‘गूळ नसला तरी गुळाची वाचा असावी’. दारी आलेल्याच्या हातावर ठेवायला खडा नसेल, तर निदान बोलावं तरी गोड. इथे साखर कुणाला आठवली नाही, कारण पाहुण्याला पाण्याबरोबर द्यायचा तो गुळाचाच खडा.