वेगाचा आकडा कोणाचा: मेंदूचा की पेन्सिलीचा?

गेल्या दोन-अडीच वर्षांत माझ्या नागपुरातल्या, धरमपेठेतल्या तपासणीच्या खोलीत एकाच प्रकारचा कागद किती वेळा आला, याची मोजदाद मी सोडून दिली आहे. मुलाच्या बुद्धिमापन चाचणीचा रिपोर्ट. त्यात चार-पाच आकडे असतात, बहुतेक ठीकठाक, आणि एकाभोवती कोणीतरी लाल पेनाने गोल केलेला असतो: ‘प्रोसेसिंग स्पीड’, म्हणजे मेंदूच्या कामाचा वेग. मग आवाज खाली आणून विचारलेला प्रश्न येतो, आमचं मूल मंद आहे का?

त्यातल्या एका कुटुंबाची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि सात बैठकी तीन-चार प्रसंगांत बसवल्या आहेत. मुलगा बारा वर्षांचा, सातवीतला. धाकट्या बहिणीमुळे घरात सगळे त्याला ‘दादा’ म्हणतात, मीही दादाच म्हणते. वडिलांचं इतवारीत किराण्याचं ठोक दुकान. पहिल्या दिवशी त्यांनी फीच्या नोटा डाव्या हाताने इतक्या भरभर मोजल्या की मी बघत राहिले. माहितीचा फॉर्म पुढे केला, तो मात्र त्यांनी न बघता बायकोकडे सरकवला. तेव्हा मी याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

“भाषेत ११८ आहे मॅडम, आणि वेगात ७८,” आई म्हणाली.

“अठ्ठ्याहत्तर म्हणजे फर्स्ट क्लासच झाला ना जी?” वडील.

“अहो, तसं नसते ते.” तिने आधीच इंटरनेटवर सगळं वाचलं होतं. डोळे भरून आले होते.

ते मार्क नसतातच. या चाचण्यांत त्या वयाच्या मुलांची सरासरी १०० धरलेली असते. ७८ म्हणजे त्याच्या वयाच्या शंभर मुलांना ओळीत उभं केलं, तर साधारण सात जण त्याच्या मागे आणि बाकीचे पुढे. आई घाबरली ती उगाच नाही.

वडिलांकडे उलटा पुरावा होता. त्यांनी मोबाइल काढला. रंग बदलला की बोट टेकवायचं असा कुठलासा खेळ. दादा तुफान वेगवान असल्याचं तो खेळ सांगत होता. “आणि दुकानात गिऱ्हाइकाचे सुटे पैसे माह्याआधी सांगते हा पोट्टा. मग मंद कसा? खरं कोणतं धरायचं, कागद का मोबाइल?”

बावीस वर्षांच्या कामात इतका नेमका प्रश्न मला फार कमी पालकांनी विचारला आहे. मात्र ‘दोन्ही खरं’ हे उत्तर त्या दिवशी त्यांना पचलं नसतं.

वेग मोजतात कसा, ते आधी थोडक्यात. मुलांसाठीच्या वेक्सलर या बुद्धिमापन चाचणीत यासाठी मुख्य दोन भाग असतात. एकात कागदाच्या वरच्या बाजूला किल्ली असते: एक ते नऊ आकडे आणि प्रत्येकाखाली एक चिन्ह. खाली आकड्यांच्या ओळी आणि रिकामे चौकोन. किल्लीत बघायचं आणि पेन्सिलीने चिन्ह काढत जायचं. वेळ १२० सेकंद. दुसऱ्या भागात दिलेलं चिन्ह ओळीत शोधून खूण करायची. दोन्हींत डोकं लागतंच, पण त्यासोबत डोळे लागतात, मनगट लागतं, पेन्सिल धरायची पद्धत लागते. शेवटी आकडा मात्र एकच निघतो, आणि त्याला नाव दिलं जातं मेंदूच्या वेगाचं.

आपल्या शहराचा या विषयाशी जुना संबंध आहे, हे इथे सांगायचा मोह आवरत नाही. नागपुरातच काम करणाऱ्या डॉ. ए. जे. मालिन यांनी वेक्सलर यांची चाचणी भारतीय मुलांसाठी बेतली. १९६९ ची ती ‘मालिन स्केल’ देशभरातल्या मानसोपचार विभागांत वर्षानुवर्षं वापरली गेली. त्यांनीच बेतलेल्या सामाजिक परिपक्वतेच्या मापनाला तर ‘नागपूर रूपांतर’ म्हणूनच ओळखतात. किल्ली आणि चिन्हांचा हा भाग मालिन स्केलमध्येही आहे.

दुसऱ्या बैठकीत मी दादाला कुठलीही चाचणी दिली नाही. लगेच तीच चाचणी पुन्हा दिली तर सरावाने गुण वाढतात आणि मग त्या वाढीला काही अर्थ उरत नाही. मी त्याला फक्त म्हटलं, कालच्या दिवसाबद्दल पाच ओळी लिही. आणि बघत बसले. माझा ओढा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडिथ कॅप्लान यांच्या वाटेकडे आहे. मुलाला किती आलं याइतकंच ते कसं आलं हे बघावं, असं ही वाट सांगते. याला वेळ लागतो, पण मला अजून त्याचा पश्चात्ताप झालेला नाही.

दादा डावखुरा. हात ओळीच्या वरून वाकवून लिहीत होता, आकडीसारखा. लिहिलेलं अक्षर दुसऱ्यांदा गिरवत होता. एका ‘क्ष’वर तर तीनदा पेन्सिल फिरली.

“गिरवतो कशाला रे?”

“नीट दिसलं पाहिजे ना. शाळेत भिंतीवर लिहिलं आहे, सुंदर अक्षर हाच खरा दागिना.”

चाचणीत मुलांना सांगतात, जमेल तितक्या लवकर कर, पण चुका करू नकोस. या वाक्याचे दोन भाग आहेत, आणि प्रत्येक मूल आपल्या सवयीप्रमाणे त्यातला एक ऐकतं. दादाने कोणता ऐकला असेल, हे वेगळं सांगायला नको.

खरी गाठ सुटली तिसऱ्या बैठकीत. मी माझी स्वतःची चिन्हं घालून तसाच एक कागद तयार केला होता (मूळ चाचणीची चिन्हं सरावासाठी कधीच वापरू नयेत). किल्ली वर, ओळी खाली. आणि किल्लीची दुसरी प्रत मी त्याच्या उजव्या हाताला वेगळी ठेवली. दादा त्या प्रतीकडे बघत राहिला.

“हे दोनदा कायले?”

“तुझ्या हाताखाली वरची झाकली जाते ना.”

तो काही बोलला नाही. हात कागदावर ठेवला, उचलला, परत ठेवला. मग म्हणाला, “तेव्हा एकच होता. मी हात उचलून उचलून पाहत होतो.”

“त्यांना सांगितलं नाहीस?”

“बोलायचं नाही म्हणे. टाइम चालू होता.”

कोपऱ्यातल्या खुर्चीत वडील बसले होते. त्यांनी मान खाली घातली. खोलीत बराच वेळ फक्त कूलरचा आवाज होता, आणि मीही तो भरून काढायला गेले नाही. मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं कारण असं शांततेत मुरू द्यावं लागतं. माझ्या स्पष्टीकरणापेक्षा ते जास्त कामाला येतं.

डावखुऱ्या मुलाचा हात किल्लीवर येतो ही काही नवी गोष्ट नाही. अशा वेळी बाजूला दुसरी किल्ली ठेवावी, असं चाचणीच्या सूचनांतच सांगितलेलं असतं. ती चाचणी ज्यांनी घेतली त्यांच्याकडून हे राहून गेलं. घाई असेल, गर्दी असेल. मी त्यांना दोष द्यायला बसलेली नाही, कारण सुरुवातीच्या वर्षांत हीच चूक मीही केली आहे.

मग आम्ही वजाबाकी केली. हा शब्द माझा नाही. १८६८ मध्ये उट्रेख्तच्या फ्रान्सिस्कस डोंडर्स या डच शरीरशास्त्रज्ञाने मनाचा वेग मोजायला हीच युक्ती काढली होती. आधी एकाच इशाऱ्याला उत्तर द्यायला किती वेळ लागतो ते मोजायचं, मग अनेक इशाऱ्यांतून निवड करून उत्तर द्यायला किती लागतो ते, आणि दुसऱ्यातून पहिला वजा करायचा. उरेल तो निवडीचा वेळ. वेक्सलर यांच्या मोठ्यांसाठीच्या चाचणीच्या १९९७ च्या आवृत्तीतही याच धर्तीचा एक जादा भाग होता: किल्ली नाही, वर दिसतं तेच चिन्ह खाली उतरवायचं.

दादाने माझ्या कागदावर किल्ली बघून १२० सेकंदांत ४० चिन्हं काढली. म्हणजे एका चिन्हाला तीन सेकंद. मग किल्लीशिवाय, नुसती नक्कल: ४८. म्हणजे एकाला अडीच सेकंद. मी वडिलांकडे कागद सरकवला. हिशेबाचा माणूस, त्यांना समजवावं लागलं नाही.

“म्हणजे तीनातले अडीच तर पेन्सिलच खाऊन राहिली.”

ही वजाबाकी इतकी स्वच्छ नसते. हात एक चिन्ह काढत असताना डोळे पुढच्याकडे पळालेले असतात. डोंडर्स यांच्या पद्धतीवरही नंतर असेच आक्षेप आले. माझ्या घरच्या कागदावरून कुणाला गुण देता येत नाहीत, हेही मी त्यांना सांगितलं. पण वाट कुठे अडली आहे, ते कळायला एवढं पुरेसं होतं.

पुढच्या वेळी पेन्सिल काढूनच टाकली. ॲरन स्मिथ यांची १९७३ ची एक चाचणी आहे. त्यात चिन्ह बघून आकडा सांगायचा असतो, ९० सेकंदांत. ती लेखीही घेता येते आणि तोंडीही. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या रुग्णांसाठी ती फार वापरतात, कारण ज्यांचा हात साथ देत नाही त्यांना बोलून उत्तर देता येतं. दादाची तोंडी घेतली. त्याच्या वयाच्या सरासरीत, अगदी मधोमध. तुफान वगैरे काही नाही. आईला वाटलं होतं, आता तो हुशार निघेल. तिच्या चेहऱ्यावर किंचित निराशा आली, ती मला दिसली, आणि त्यावर आम्ही एक अख्खी बैठक बोललो.

मोबाइलच्या खेळाचंही सांगून टाकते. रंग बदलला की बोट टेकवणं हे काम किल्ली शोधण्यापेक्षा कितीतरी साधं. शिवाय प्रत्येक फोनचा पडदा स्वतःचा थोडा उशीर त्यात मिसळतो, त्यामुळे दोन फोनांवरचे आकडेही एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. टॅबवर घेतल्या जाणाऱ्या रीतसर चाचण्यांतही चिन्ह काढण्याऐवजी बोट टेकवायचं असेल, तर तो आकडा कागदावरच्या आकड्याशेजारी तसाच ठेवता येत नाही. चाचणी तयार करणाऱ्यांना दोहोंचा मेळ आधी घालावा लागतो. मागे बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू आल्या होत्या. संगणकावरच्या कुठल्याशा चाचणीने त्यांना ‘मंदावलेल्या’ ठरवलं होतं, आणि स्मृतिभ्रंशाच्या भीतीने त्यांची झोप उडाली होती. त्यांनी जन्मात कधी माउस धरला नव्हता आणि चष्मा दुहेरी भिंगाचा होता. बँकेत नोटा मोजणाऱ्या त्या बाईला मंद कसं म्हणायचं!

तेव्हा असा रिपोर्ट हातात आला की चाचणी घेणाऱ्याला फोन करा. उत्तर लिहून द्यायचं होतं, बोलून की बोट टेकवून, ते विचारा. मूल डावखुरं असेल तर किल्ली झाकली जात होती का, चष्मा घातला होता का, हे विचारा. कमी झालं ते चुकांमुळे की एकही चूक न करता सावकाश गेल्यामुळे, हा फरक फार मोठा आहे आणि आकड्यात तो दिसत नाही. दोन भागांतले गुण वेगवेगळे मागा. दादाला किल्लीच्या भागात ५ होते आणि शोधण्याच्या भागात ७. या भागांची सरासरी १० असते. चिन्ह काढायचं नसलं की तो थोडा वर येत होता, हे त्या रिपोर्टमध्येच दडलेलं होतं.

आणि लिहून, बोलून, बोटाने, सगळीकडेच वेग कमी आला तर? तर तो कमी आहे असं मानायचं. झोप, डोळे, भीती, लक्ष न टिकणं, हे आधी तपासायचं, आणि तरीही कमी राहिला तर मुलाला जास्त वेळ द्यायचा. त्यात कमीपणा कसला? पण ‘भरभर कर, भरभर कर’ हे औषध मात्र मी आजवर कुणालाच लिहून दिलेलं नाही.

दादाचा हात खरंच सावकाश आहे, आणि तीन तासांचा पेपर हातानेच लिहायचा असतो. तो त्रास खोटा नाही. त्याच्या लिखाणाची वेगळी तपासणी आम्ही करून घेतली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि रीतसर प्रमाणपत्र असलं की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात. दादा त्यात बसतो की नाही हे अजून ठरायचं आहे. दरम्यान शाळेशी बोललो. बाकावर त्याला डाव्या टोकाची जागा मिळाली, शेजाऱ्याच्या कोपराशी होणारी रोजची टक्कर थांबली. वही तिरकी धरायला तो शिकला. पाढे आणि व्याख्या बाई आता तोंडी विचारतात. गिरवणं अजून सुटलेलं नाही, ‘क्ष’ तर नाहीच.

शेवटच्या बैठकीला वडील एकटेच आत आले. दादा बाहेर बाकावर बसला होता, दार अर्धं उघडं.

“मॅडम, मी बी डावखुराच होतो जी. गुरुजींनी हातावर छड्या मारून उजव्याने लिहायला लावलं. अक्षर कधी आलंच नाही. मग मले वाटलं, आपलं डोकंच नसन.” थोडं थांबून म्हणाले, “आता या वयात डाव्याने लिहिता येते का?”

मी उत्तर द्यायच्या आत बाहेरून आवाज आला.

“पप्पा, वही तिरकी धरा लागते. मी दाखवतो.”