पाठदुखी वयाच्या खाती टाकू नका

इंग्लंडातल्या लेस्टरहून एका सूनबाईंचं भलंमोठं पत्र आलंय. सासूबाई ६८ वर्षांच्या, व्हॅस्क्युलायटिस, म्हणजे रक्तवाहिन्यांना सूज, त्यातला जीपीए हा प्रकार. मूत्रपिंडांनाही झळ लागलेली. रोज ६० मिग्रॅने सुरू झालेलं प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सात महिन्यांत १० वर आलंय. पत्रात प्रवासाचा विमा आहे, व्हीलचेअर आहे, नातवाचं मराठीही आहे. पण मी अडकले ती या वाक्यावर: "हल्ली पाठ धरते, पण वयाचं असेल. दूध तर त्या रोज दोन वेळा घेतात."

अहो, सात महिने स्टिरॉइड पोटात आणि दोष वयाला? स्टिरॉइडमुळे हाड बांधणाऱ्या पेशी मंदावतात, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं आणि लघवीतून जास्त जातं. हाडांची सगळ्यात जोराची झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच होते. मणका तर खोकल्याने किंवा पिशवी उचलतानाही दबतो, आणि पुष्कळदा मोठी कळही येत नाही. आमच्या आत्याबाई बाम चोळत बसल्या होत्या, एक्स-रेत दोन मणके दबलेले निघाले.

तेव्हा याच आठवड्यात जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरांकडे जा आणि पाठीचा व कमरेचा बाजूने काढलेला एक्स-रे मागा. सासूबाईंची उंची भिंतीला टेकवून मोजा, जुन्या नोंदीशी ताडून बघा. हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅनही हवाच, पण आकडा बरा आला म्हणून हुरळू नका. स्टिरॉइडवर असताना तितक्याच घनतेचं हाड लवकर मोडतं. हाड मोडण्याचा धोका काढणारं फ्रॅक्सचं गणित करताना डोस साडेसात मिग्रॅच्या वर होता हे आवर्जून सांगा, म्हणजे धोका वाढवून धरतील.

औषधाबद्दल हॉस्पिटल म्हणतं जीपी बघतील, जीपी म्हणतात हॉस्पिटल बघेल. आपण भिडस्त, दोघांनाही मान डोलावतो. तसं करू नका, "हाडांचं औषध कोण लिहिणार?" असं थेट विचारा. अ‍ॅलेंड्रोनेट ही हाडांची गोळी ७० मिग्रॅ आठवड्यातून एकदा घेतात: सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चहा किंवा दुधाबरोबर घेतलं तर अंगी लागत नाही, लगेच आडवं झालं तर अन्ननलिका सोलवटते. ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडं किती काम करतात तो आकडा, ३५ च्या खाली असेल तर ही गोळी सहसा देत नाहीत, म्हणून मूत्रपिंडांचा रिपोर्ट बरोबर न्या. दातांची कामं आधी उरका.

हाडांसाठी डेनोसुमॅबचं इंजेक्शन सुचवलं तर आधी कॅलेंडर काढा. ते दर सहा महिन्यांनी, आणि तारीख चुकली की हाडांची झीज उसळी मारते, एकामागून एक मणके दबू शकतात. तुम्ही म्हणता, "डिसेंबरात चार महिने पुण्याला." मग तिकीट त्या तारखेभोवती काढा. आमच्या घरी लग्नाचा मुहूर्त सांभाळतात त्याच काटेकोरपणे दिरांच्या इंजेक्शनची तारीख सांभाळली जाते.

दुधाचं ऐका. २५० मिलीच्या दोन पेल्यांतून साधारण ६०० मिग्रॅ कॅल्शियम मिळतं, गरज दिवसाला १००० ते १२०० ची. पन्नास ग्रॅम पिठाची नाचणीची भाकरी आणखी पावणेदोनशे देईल. उरलेलं गोळीतून घ्या, कॅल्शियम कार्बोनेट असेल तर जेवणाबरोबर. पण अ‍ॅलेंड्रोनेट ज्या दिवशी, त्या दिवशी दोन्हींत अंतर ठेवा.

आणि स्टिरॉइडचा धसका घेऊन गोळी परस्पर बंद करू नका! आजार उसळतो, अंगातलं स्वतःचं स्टिरॉइड बनवणाऱ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी झोपलेल्या असतात, माणूस कोसळतो. डोस लवकर उतरवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. रिटुक्सिमॅब आणि अवाकोपान या औषधांमुळे आता स्टिरॉइड कमी लागतं.

पाठदुखीवर भारतातून आणलेली कॉम्बिफ्लॅम देऊ नका, तिच्यातलं आयबुप्रोफेन मूत्रपिंडांना सोसणार नाही.

राहिलं बाकीचं. विम्यात आजार लपवू नका. व्हीलचेअर एअरलाइनला आधी कळवा. नातवाशी मराठी बोलायला आजी आहेतच. पुण्याहून कुणी ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आणली, तर रक्ततपासणी आणि डॉक्टरांचा होकार मिळेपर्यंत कपाटात ठेवा. ती आठवड्याची असते आणि घरोघरी रोजची होऊन बसते.