बॅटरी भरत नाही म्हणून कंट्रोलर बदलताय? जरा थांबा

गेल्या काही दिवसांत आलेल्या प्रश्नांत सुपारीच्या कोळेरोगापेक्षा सोलारचे जास्त निघाले, म्हणून आज फवारणी बाजूला ठेवतो. तीन प्रश्न घेतोय, बाकीच्यांचं उत्तर बहुतेक यातच मिळेल.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले एक कुळागरवाले (सुपारीची बाग असलेले) काका विचारतात: "३३५ वॉटचं एक पॅनल, १२ व्होल्टची १५० एएच (अँपिअर-अवर) ट्युब्युलर बॅटरी, मध्ये भरती सांभाळणारा २० अँपिअरचा पीडब्ल्यूएम कंट्रोलर. त्यावर झटका मशीन (कुंपणाला झटके देणारं), मांगरातले, म्हणजे बागेतल्या खोपीतले, दिवे नि एक पंखा चालतो. बॅटरी काही पूर्ण भरत नाही. दुकानदार म्हणतो कंट्रोलर छोटा पडतोय, ४० अँपिअरचा घ्या. घेऊ का?"

नका घेऊ काका, तसाच पीडब्ल्यूएम ४० चा घेतलात तर पैसे जातील आणि बॅटरी होती तिथेच राहील. तुमचं पॅनल ७२ सेलचं आहे, त्याच्या मागच्या स्टिकरवर बघा, काम करतानाचं व्होल्टेज साधारण ३७-३८ आणि करंट ९ अँपिअरच्या आसपास लिहिलेला असेल. पीडब्ल्यूएम कंट्रोलर म्हणजे एक भराभर उघडझाप करणारं स्विच, बॅटरी १३ व्होल्टवर असली की तो पॅनललाही ओढून १३ वरच आणतो. करंट तोच ९. म्हणजे ९ गुणिले १३, झाले ११७ वॉट. बाकीचे दोनशेच्या वर वॉट तुम्ही विकत घेतलेत पण वापरतच नाही. कंट्रोलर २० चा असो की ४० चा, पॅनलकडून ९ च येणार, नळाला पाणीच कमी असताना बादली मोठी घेऊन काय होणार.

तुम्हाला हवा एमपीपीटी, हा कंट्रोलरचा दुसरा प्रकार, तो जादा व्होल्टेजचं करंटमध्ये रूपांतर करतो. त्याचा हिशेब पॅनलचे वॉट भागिले बॅटरीचे व्होल्ट, ३३५ भागिले १२ म्हणजे २८, तर ३० अँपिअरचा पुरतो. आपल्याकडच्या उन्हात पॅनल तापतं, लेबलवरचे ३३५ काही पूर्ण मिळत नाहीत, २६०-२७० मिळाले तरी बॅटरीला २० अँपिअर जातात, आताच्या दुप्पट. १५० एएचच्या बॅटरीला तेवढे झेपतात, त्याहून जास्त नको, अजून एक पॅनल लावायचा मोह टाळा. आणि कंट्रोलरच्या लेबलवर एक आकडा नक्की बघा, तो पॅनलचं जास्तीत जास्त किती व्होल्टेज घेतो. पॅनलचं उघड्या टोकांचं व्होल्टेज ४६ च्या आसपास जातं, थंड सकाळी थोडं अजून वर, तेव्हा ५० च्या मर्यादेचा कंट्रोलर अगदी काठावर आला, ६० तरी हवा, १०० मिळाला तर उत्तमच.

पीडब्ल्यूएमच ठेवायचा तर मग पॅनल ३६ सेलचं, ज्याला आपण १२ व्होल्टचं म्हणतो ते पाहिजे. तिथे कंट्रोलर किती अँपिअरचा हवा त्याचा हिशेब वेगळा: पॅनलचा शॉर्ट सर्किट करंट, गुणिले समांतर जोडलेली पॅनलं, गुणिले १.२५.

स्वस्तातल्या 'एमपीपीटी' डब्यांबद्दल सांगायलाच हवं, कारण बऱ्याच डब्यांवर फक्त नाव एमपीपीटी असतं नि आत साधा पीडब्ल्यूएम निघतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. बॅटरी थोडी रिकामी असताना भर दुपारी चार्जिंग चालू ठेवून मल्टिमीटरने कंट्रोलरच्या पॅनलच्या टोकांवरचं व्होल्टेज मोजा, मग बॅटरीच्या टोकांवरचं. दोन्ही जवळजवळ सारखेच आले, तर परत करा. खऱ्या एमपीपीटीत पॅनलकडे ३०-३५ दिसतं नि बॅटरीकडे १३-१४.

हेच मल्टिमीटर दोष शोधायलाही कामाला येतं. पॅनलकडे वीसच्या वर, बॅटरी १२ वर अडकलेली आणि भरती शून्य, तर फ्यूज उडालाय किंवा कंट्रोलर गेलाय. कंट्रोलरच्या टोकांवर १४.४ दिसतं पण बॅटरीच्या खुंट्यांवर १३.६ च, तर मधली वायर नाहीतर लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) खराब. वायरीकडे लोक बघतच नाहीत हो! पॅनल घराच्या छपरावर, बॅटरी वीस मीटरवर मांगरात आणि मध्ये दीड एमएमची घरगुती वायर, जाऊन-येऊन चाळीस मीटर, ९ अँपिअरला चार व्होल्टच्या वर तिथेच गळतात. ६ एमएमची सोलार केबल घातली तर गळती एक व्होल्टवर येते.

दुसरा प्रश्न काणकोणहून: "मे महिन्यात बसवलं तेव्हा झक्कास होतं, डिसेंबर आला की पहाटे तीनला झटका मशीन बंद पडतं, रानडुकरं नेमकी तेव्हाच येतात. कंट्रोलर खराब झाला का?"

आधी दक्षिणेकडे माड आहे का ते बघा. मे महिन्यात दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, माडाची सावली बुंध्यापाशीच पडते. डिसेंबरात तो दक्षिणेला इतका कलतो की १५ मीटरच्या माडाची सावली भर दुपारी उत्तरेला १२ मीटर जाते. ३६ सेलच्या पॅनलवर एका झावळीची सावली आली तरी निम्मं पॅनल बसतं, कधी त्याहून जास्त. सावली नसेल तर बॅटरी तपासा, संध्याकाळी लोड (बॅटरीवर चालणारी उपकरणं) नि पॅनल दोन्ही काढून दोन तास थांबून मोजा: १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. संध्याकाळी १२.७ आणि तरी पहाटे बंद, तर बॅटरीच म्हातारी झालीय. कंट्रोलरने ११ व्होल्टच्या आसपास लोड तोडला तर तो बॅटरीला वाचवतोय, त्याला दोष देऊ नका. आणि वैतागून घरातल्या लाइनचा करंट कुंपणाला कोणीही सोडू नका, त्यात माणूस मरतो.

तिसरा पेडण्याच्या किनाऱ्याजवळून: "नवा कंट्रोलर लावला नि पाच मिनिटांत गेला, जुना गंजून गेला होता."

गंजाचं कारण खारा वारा नि पावसाळी दमट हवा, डबा बंद ठेवा, वायरी खालून आत घ्या म्हणजे पाणी वायरीवरून आत उतरत नाही, टोकांना व्हॅसलीन लावा. पालीसुद्धा आत शिरतात, भोकं बुजवा. पण पाच मिनिटांत गेला तो बहुधा जोडण्याच्या क्रमाने. मी स्वतः घरच्या गोठ्यावर हेच केलंय, पॅनल आधी जोडलं, बॅटरी नंतर, भप्प झालं नि वास आला. कंट्रोलर बॅटरीकडे बघून १२ व्होल्ट की २४ ते ठरवतो, म्हणून आधी बॅटरी, मग पॅनल, शेवटी लोड, काढताना उलटं. आणि इन्व्हर्टर कंट्रोलरच्या बल्बचं चिन्ह असलेल्या टोकांवर कधीच नाही, तो सुरू होतानाच इतका करंट ओढतो की ती टोकं जळतात. तो सरळ बॅटरीवर, मध्ये फ्यूज घालून.