रिपोर्ट येईपर्यंत

प्रिय मुली,

तुझा मेसेज सकाळी वाचला. उजव्या स्तनात, काखेकडे, वाटाण्यापेक्षा थोडी मोठी गाठ हाताला लागते, चार रात्री झोप नाही, पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे म्हणून आईला सांगितलेलं नाही. एवढं सगळं लिहून शेवटी विचारलंस, ‘मावशी, काही नसेल ना?’

त्याचं उत्तर मी इथून देणार नाही. पालिकेच्या रुग्णालयात सर्जरीच्या ओपीडीत माझी बहुतेक नोकरी झाली, आणि तिथे शिकले ते हेच, की गाठीला हात लावून बघितल्याशिवाय ‘काही नाही गं’ म्हणणाऱ्या कुणावरही विसंबू नये. म्हणणारी मी असले तरी. पण या दिवसांत काय करायचं, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हे मला नीट माहीत आहे. तेवढं लिहिते.

सगळ्यात आधी तारीख घे. हे पत्र वाचून झालं की फोन उचल आणि याच आठवड्यातली अपॉइंटमेंट घे. स्तनांच्या आजारांचे सर्जन मिळाले तर उत्तम, नाहीतर जनरल सर्जन चालतील. पुरुष डॉक्टरांकडे जायला अवघड वाटत असेल तर आधी तुझ्या नेहमीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे जा, त्या तपासून पुढे पाठवतील. आज रात्रीच धावायचं कारण नाही, पण ‘साखरपुडा होऊन जाऊ दे, मग बघू’ हेही नको. तारीख ठरली की रात्री दोन वाजता पडणाऱ्या प्रश्नांना ‘गुरुवारी विचारू’ एवढं उत्तर तरी देता येतं. तुला आत्ता कुणी दिलेल्या धीरापेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.

आता गाठीबद्दल. तू सव्वीस वर्षांची आहेस. या वयात हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. सर्वांत जास्त दिसतो तो फायब्रोअडेनोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली एक साधी गाठ. रबरासारखा घट्ट, गुळगुळीत, बोटाखालून इकडून तिकडे सटकणारा. तो अनेकींच्या बाबतीत वर्षानुवर्षं तेवढाच राहतो, काहींचा आपोआप लहानही होतो. फार वाढला तरच काढायचा विचार करतात. पाण्याने भरलेल्या गाठीही असतात, त्या थोड्या पुढच्या वयात जास्त. शिवाय पाळीच्या आधीच्या आठवड्यात स्तन जड होतात, दुखतात, आतून गाठीगाठींचे लागतात आणि पाळी आली की उतरतात. काखेकडच्या वरच्या भागात मूळचंच मांस जास्त असतं, त्यामुळे तिथे हात फिरवला की खूपजणींना ‘काहीतरी आहे’ असं वाटतं.

हे सांगितलं ते तू तपासणी टाळावीस म्हणून नाही. आपल्याकडे स्तनाच्या कॅन्सरचं वय पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षांनी अलीकडे आहे, आणि विशी-तिशीतल्या बायका क्वचित का होईना आमच्या टेबलावर येतच होत्या.

दुखण्याबद्दल एक उलटा समज आहे, तो आधी मोडते. ‘दुखत नाही ना, मग साधी असेल’ हे वाक्य मी तपासणीच्या पडद्याआड इतक्यांदा ऐकलंय की अजून कानात आहे. ते म्हणणाऱ्या बाया कधीकधी वर्षभर गाठ घेऊन फिरलेल्या असायच्या. खरं तर सुरुवातीचा स्तनाचा कॅन्सर बहुतेक वेळा दुखतच नाही. दुसरीकडे, नुसतं दुखतंय म्हणून भेदरून येणाऱ्या मुलींमध्ये मोठं काही निघणं फार कमी. म्हणून दुखणं हा निकष धरायचा नाही. गाठ कडक आहे, कडा वेड्यावाकड्या आहेत, जागची हलत नाही, तिच्यावरच्या कातडीला खळी पडते किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसते, बोंड अलीकडेच आत ओढलं गेलंय, एकाच बाजूने आपोआप रक्तासारखा स्राव येतो, बोंडावरचा चट्टा मलमाने बरा होत नाही, काखेत वेगळी गाठ लागते, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना ते आपणहून सांगायचं, त्यांनी विचारायची वाट बघायची नाही. यातलं काही नसेल तरी जायचंच आहे. नवी गाठ एवढं कारण पुरे.

तोवर तिला सारखा हात लावणं बंद कर. लिहिलं नाहीस, पण दिवसातून दहा वेळा ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन चाचपत असशील हे मला माहीत आहे. रोज दाबून दाबून ती जागा हुळहुळी होते, मग दुखायला लागते, मग वाटतं की वाढतेय. मोबाइलवरचं शोधणंही थांबव. तिथे कुणा एकीचं सगळं वाईट झालेलं सविस्तर लिहिलेलं असतं. जिची गाठ साधी निघाली ती घरी जाऊन स्वयंपाकाला लागते, ती कशाला लिहायला बसेल? आणि कुणी सुचवलेला ‘गाठ विरघळवणारा’ लेप, शेक, काढा यातलं काहीही तपासणीच्या आधी सुरू करू नकोस. त्यात महिने जातात. आई नवस बोलली तर बोलू दे, त्याने अपॉइंटमेंट पुढे जात नाही.

हो, आईला सांगच. तुझ्या मेसेजमध्ये मला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच. गाठीइतकंच ओझं तू लपवण्याचं वाहतेयस. मुलीच्या छातीत गाठ आहे हे ‘त्या घरी’ कळलं तर काय म्हणतील, या भीतीने मी मुली एकट्या आलेल्या बघितल्यात, ओढणीने तोंड झाकून, केसपेपरवर खोटा पत्ता देऊन. रिपोर्ट साधा आला तरी तो आनंद सांगायला त्यांच्याजवळ कुणी नसायचं. होणाऱ्या नवऱ्याला आज सांगायलाच हवं असं मी म्हणत नाही. अजून निदानच नाही, तर सांगायचं तरी काय? पण आईला, आणि आईला सांगवत नसेल तर ताईला, आजच्या आज सांग. ओपीडीत तीच बरोबर असू दे, कारण घाबरलेल्या माणसाला डॉक्टरांचं निम्मं बोलणं ऐकू येत नाही. प्रश्न कागदावर लिहून ने. गाठ कधी लागली, पाळीची शेवटची तारीख, चालू गोळ्या, घरात कुणाला काय झालं होतं, हेही त्यावरच टिपून ठेव.

तिथे काय होईल ते सांगते, म्हणजे अंधारात गेल्यासारखं वाटणार नाही. डॉक्टर तुला आधी बसवून, मग झोपवून, हात डोक्यामागे घ्यायला लावून दोन्ही बाजू आणि काखा तपासतील. पुरुष डॉक्टर असतील तर सिस्टरला जवळ थांबायला सांगायचा तुला हक्क आहे. मग सोनोग्राफी. तुझ्या वयात स्तन आतून दाट असतात, मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, तितकं स्पष्ट दिसत नाही, म्हणून आधी सोनोग्राफीच करतात. थंड जेल लागतं, दुखत काही नाही. तपासणी, सोनोग्राफी आणि गरज वाटली तर बायोप्सी (गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं), या तिन्हींचा मेळ बसला की निदान पक्कं.

बायोप्सी म्हटलं की आपल्याकडे घरंच्या घरं हादरतात. ‘सुई लावली की पसरतो’ हे अजूनही शिकलेली माणसं म्हणतात, आणि त्यापायी बायका निदानाविना परत जातात. तसं होत नाही. आधी भुलीचं इंजेक्शन देतात, तेवढंच चावतं. मग सोनोग्राफीत बघत पोकळ सुईने तांदळाच्या दाण्यासारखे बारीक तुकडे घेतात. दर वेळी यंत्राचा ‘टक्’ असा मोठा आवाज होतो, तो आधी वाजवून दाखवायला सांग, म्हणजे दचकणार नाहीस. छोटी पट्टी, थोडं काळंनिळं, आणि त्याच दिवशी घरी. मग रिपोर्टचे दिवस. ते मात्र खरोखर जड जातात. त्या दिवसांत रजा टाकून घरात बसू नकोस. कामावर जा, संध्याकाळी कुणाबरोबर तरी चाल, आणि रिपोर्टची चौकशी किती वाजता करायची ते ठरवून तेवढ्याच वेळी कर.

सोनोग्राफीच्या कागदावर शेवटी ‘बायरॅड्स’ आणि पुढे एक आकडा असेल. गाठीबद्दल किती शंका आहे ते आकड्यात सांगायची ती पद्धत. हा आकडा बघून मी माणसांना कॉरिडॉरमध्ये खाली बसताना पाहिलंय. एक वडील ‘तिसरी स्टेज आली हो’ म्हणून रडत होते, मुलीच्या कागदावर बायरॅड्स ३ होतं. स्टेजचा आणि त्या आकड्याचा काही संबंध नाही. १ म्हणजे सगळं ठीक, २ म्हणजे साधी गाठ, ३ म्हणजे बहुधा साधीच, कॅन्सर निघण्याची शक्यता दोन टक्क्यांहूनही कमी, म्हणून सहसा सहा महिन्यांनी पुन्हा बघतात. ४ आला की बायोप्सी करायची, आणि त्यातल्याही कितीतरी साध्या निघतात. ५ म्हणजे दाट शंका. ० म्हणजे चित्र अपुरं आहे, आणखी तपासणी हवी. लिफाफा रिक्षात उघडू नकोस, डॉक्टरांसमोर उघड.

आणि कॅन्सरच निघाला तर? हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण चार रात्री तोच पडतोय. लहान गाठीवर लवकर सुरू केलेले उपचार आज चांगले लागू पडतात. बहुतेक मुलींना पहिली भीती पूर्ण स्तन काढण्याची असते. मिलानमध्ये डॉ. उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात लहान गाठ असलेल्या ७०१ स्त्रियांना दोन गटांत वाटलं. एका गटात अख्खा स्तन काढला, दुसऱ्यात गाठीचा भाग काढून रेडिएशन दिलं. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २००२ साली आले, दोन्ही गटांतल्या स्त्रिया सारख्याच जगल्या होत्या. आज शक्य तिथे स्तन वाचवणं ही रूढ पद्धत आहे. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, तिच्यात कॅन्सरचे उपचार बसतात. याहून जास्त आज लागत नाही.

आत्याला स्तनाचा कॅन्सर झाला होता, तेही लिहिलंस. वडिलांकडचंही धरतात, हे तुझं बरोबर. पण साठीनंतर झालेली एकच आत्या म्हणजे घराण्यातच आहे असं होत नाही. एकूण रुग्णांत आनुवंशिक दोषामुळे झालेल्या स्त्रिया पाच ते दहा टक्के. घरात दोन-तीन जणींना, किंवा पन्नाशीच्या आत, किंवा अंडाशयाचाही कॅन्सर झाला असेल तर जनुक तपासणीबद्दल विचारायचं. डॉक्टरांना आत्याचं सांग, बाकी त्यांच्यावर सोड.

सगळं साधं निघाल्यावर काहीजणींची चिंता वाढते, हेही आत्ताच सांगून ठेवते. दर महिन्याला कॅलेंडर लावून गाठी शोधत बसायची गरज नाही. शांघायच्या कापड गिरण्यांमधल्या २,६६,०६४ स्त्रियांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. स्वतः तपासायला शिकवलेल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू काही कमी झाले नाहीत, साध्या गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. आंघोळीत, आरशात आपलं शरीर नेहमी कसं असतं ते ओळखीचं असावं आणि बदल दिसला तर दाखवावं, इतकंच. प्रशिक्षित हातांनी केलेली तपासणी वेगळी. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षं अभ्यास केला. दर दोन वर्षांनी आरोग्यसेविकांनी हाताने तपासलेल्या स्त्रियांमध्ये आजार लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांचे या आजाराने होणारे मृत्यू तीस टक्क्यांच्या आसपास कमी झाले. तुझ्या आईने अशी तपासणी कधी केलीय का, ते तिला विचार. ओपीडीत तुझ्याबरोबर येणारच आहे, तर तिचीही करून घे.

आणि रिपोर्ट स्वच्छ असूनही महिना-दोन महिने हात सारखा तिथे जात राहिला, झोप उडालेलीच राहिली, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. शरीराची गाठ सर्जनला दाखवतेस, तशी ही झोपही कुणाला तरी दाखवायचीच.

अपॉइंटमेंटची वेळ ठरली की मला कळव. त्या दिवशी फोन माझ्या हातातच असेल.

तुझी,
मावशी

ता. क. त्या दिवशी अंगभर एकसंध ड्रेस घालू नकोस. कुर्ता-सलवार किंवा शर्ट घाल, म्हणजे फक्त वरचं काढावं लागेल. आणि आधीचे काही कागद असतील तर ते मूळ घेऊन जा, मोबाइलमधले फोटो चालत नाहीत असं खिडकीवर ऐकवतात.