टाच दुखते, पाय रुंद आहेत. उन्हाळ्यात पायात घालू काय?

होळी झाली की आमच्याकडे फिजिओथेरपीला येणाऱ्या बायकांची तक्रार बदलते. थंडीत मोजे-बूट घालून त्यांनी कसंबसं भागवलेलं असतं. नागपूरचं ऊन सुरू झालं की बंद बुटात पाय ठेववत नाही. पाय उकडतात, संध्याकाळपर्यंत सुजतात, बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते. चप्पल घालावी तर टाच ठणकते, आणि पाय चवड्याला रुंद असला तर दुकानात मापाचं काही मिळत नाही. "बूट सोसत नाही, चप्पल चालत नाही, मग घालू काय मॅडम?" हे मला फार जणींनी विचारलं आहे. त्यातल्या एकीची हकिकत सविस्तर सांगते. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय पंचेचाळिशीच्या आसपास. घरातूनच पोळी-भाजीचे डबे देतात. पहाटेपासून दुपारपर्यंत ओट्यापाशी उभ्या, अनवाणी, गुळगुळीत टाइल्सवर. टाचदुखी दिवाळीपासूनची. "सकाळी पाय खाली ठेवला का खिळा टोचल्यासारखं होते," त्या म्हणाल्या. थोडं चाललं की कळ कमी होते, जरा बसून उठलं की पुन्हा तीच. एक्स-रे काढून आणला होता. त्यात टाचेच्या हाडाला खालून टोक आलेलं दिसत होतं, आणि 'हाड वाढलं' हे शब्द ऐकल्यापासून त्यांना ऑपरेशनची धास्ती बसली होती.

ही धास्ती आधी घालवणं भाग होतं, कारण भीती डोक्यात असली की चपलेचं बोलणं कानांवरून जातं. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड, चिवट पट्टा असतो. पायाची कमान तो धरून ठेवतो. रोज तासन् तास कडक जमिनीवर उभं राहिलं, पोटऱ्या आखडलेल्या असल्या, वजन वाढलं की हा पट्टा टाचेला जिथे चिकटतो तिथे त्याच्यावर ताण येत राहतो. रात्री झोपेत तो आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. तीच ती कळ. एक्स-रेतलं टोक अजिबात टाच न दुखणाऱ्या पुष्कळ लोकांमध्येही सापडतं. म्हणून ते कापून काढायचा विचार सहसा येतच नाही. बहुतेकांची टाच व्यायाम आणि योग्य पादत्राणं यांनी बरी होते. मात्र वेळ लागतो, काही महिने, कधी वर्षभरही. हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. आठवड्यात बरं वाटेल असं खोटं सांगितलं, तर माणूस दुसऱ्याच आठवड्यात व्यायाम सोडतो.

पुढच्या वेळी घरातल्या सगळ्या चपला घेऊन या म्हटलं. पिशवीतून एक काटेवाली ॲक्युप्रेशरची चप्पल निघाली, एक बोट रुतेल इतक्या मऊ गादीची, एक सपाट कोल्हापुरी आणि लेकीनं ऑनलाइन मागवलेली पट्ट्यांची सँडल. सँडल चांगल्या बनावटीची होती, पण पायापेक्षा दोन नंबर मोठी. "बारीक नंबर चवड्याला चावते, म्हणून मोठी घेतली."

स्वतः दुकानात का गेला नाहीत, असं विचारल्यावर त्या जरा गप्प झाल्या. मग सांगू लागल्या. लहानपणापासून 'फताडे पाय' ऐकत आल्या. लग्नात जोडवी घालताना कुणी तरी हसलं होतं. सीताबर्डीच्या दुकानात एकदा मुलानं चप्पल पायात कोंबून पाहिली आणि "लेडीजमध्ये नाही बसणार" असं सगळ्यांदेखत म्हणाला. तेव्हापासून त्या लेकीला नंबर सांगून धाडायच्या. टाचेच्या दुखण्यात या गोष्टीचा वाटा मोठा होता, असं माझं मत आहे. स्वतःच्या पायाची लाज वाटणारी बाई चप्पल पायात घालून, चार पावलं चालून, नको वाटली तर परत ठेवून दुकानातून निघू शकत नाही. ती मिळेल ते घेऊन घरी येते.

मी त्यांना चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेच्या कामाबद्दल सांगितलं. या संस्थेनं 2021-22 मध्ये देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापं घेतली. भारतीयांचे पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद असतात, असं त्यातून दिसलं, आणि त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धती सुचवण्यात आली. आपल्या बाजारात अजूनही ब्रिटिश आणि युरोपीय नंबरच चालतात, आणि बहुतेक जोड एका नंबरात एकाच रुंदीचे येतात. शिवाय बाळंतपणानंतर आणि वयानुसार पाय थोडा पसरतो, लांबतोही. अनेक बायका मात्र लग्नाआधीचाच नंबर सांगत राहतात. हे ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे माह्या पायात खोट नाही?" नाहीच. ते मला त्यांना परत परत सांगावं लागलं.

मग माप घेतलं. माप संध्याकाळी घ्यावं, कारण तोवर पाय थोडा फुगलेला असतो. दोन्ही पायांवर भार देऊन कागदावर उभं राहायचं आणि दुसऱ्या कुणी तरी पेन्सिल सरळ उभी धरून कडेनं रेघ ओढायची. दोन्ही पायांचं माप घ्यायचं आणि मोठ्या पायाचं धरायचं. कागद कापून त्यांच्याच सँडलवर ठेवला. बोटांपुढे भरपूर जागा रिकामी, आणि चवड्याचा कागद मात्र कडेबाहेर! रुंदीसाठी लांबी विकत घेतली की असंच होतं. आतला कमानीचा उंचवटा आपल्या कमानीखाली न येता चवड्याजवळ येतो, सोल जिथे वाकायचा तिथे आपली बोटं नसतात, आणि पाय पुढे सरकू नये म्हणून बोटं दर पावलाला चप्पल पकडून ठेवतात. दिवसभर अशी पकड धरली की तळवा दुखणारच.

तो कागद घेऊन त्या लेकीबरोबर दुकानात गेल्या. दुकानात काय पाहायचं ते आम्ही आधी घोकून ठेवलं होतं. तीन ठिकाणी वेल्क्रो किंवा बक्कल असलेली सँडल मागायची: चवड्यावर, पायाच्या उंचवट्यावर आणि टाचेमागे. चवड्यावरचा पट्टा सैल करता येतो, म्हणून रुंद पायाला अशीच सँडल सोसते. टाचेमागचा पट्टा असला की बोटांना पकड धरावी लागत नाही. नुसत्या अंगठ्याच्या किंवा बोटात अडकवायच्या चपलेत ही सोय नाही. टाच चवड्यापेक्षा थोडी, साधारण दोन-तीन सेंटिमीटर उंच चालते. अगदी सपाट नको, उंच हील तर नकोच. सँडल दोन्ही हातांनी वाकवून पाहायची. ती बोटांपाशी वाकली तर ठीक, मधोमध दुमडली तर परत ठेवायची. टाचेच्या जागी अंगठा दाबायचा: थोडा दबून वर यायला हवा. अंगठा तळाशी जाऊन टेकत असेल तर ती गादी महिनाभरात सपाट होणार. गादी मऊ म्हणून टाचेला चांगली, ही समजूत मला खूप जणींत दिसते. खरं तर अतिमऊ चपलेत पाय डगमगतो आणि तळव्यातल्या पट्ट्याला जास्त काम पडतं.

बायकांच्या विभागात त्यांना मिळाली नाही. पुरुषांच्या विभागात, आधीच्या सँडलपेक्षा लांबीनं लहान आणि चवड्याला ऐसपैस, साधी काळी सँडल मिळाली. लेकीनं आग्रह केला म्हणून घेतली. साडीखाली कोण पाहतंय, असं मीही म्हटलं, पण ते त्यांना पटायला वेळ लागला. चवड्यावरचा पट्टा तरी तोकडा पडत होता, तो चौकातल्या मोच्याकडून वेल्क्रोचा तुकडा जोडून वाढवून घेतला.

तरी माझ्या मते खरा फरक पडला तो घरातल्या चपलेनं. त्या बाहेर जेमतेम तासभर असायच्या आणि ओट्यापाशी सात-आठ तास अनवाणी. स्वयंपाकघरात चप्पल म्हटल्यावर सासूबाई नाराज झाल्या, आणि त्यांचं म्हणणं मला गैर वाटलं नाही. त्यांना मी तपासायला बोलावलं नव्हतं, पण एकदा त्या सोबत आल्या तेव्हा त्यांच्याशी बोलले. नवा कोरा जोड, उंबऱ्याबाहेर कधीच न्यायचा नाही, रोज धुवायचा, देव्हाऱ्यापाशी काढायचा, एवढ्यावर त्या राजी झाल्या. मध्येमध्ये एक पाय पाटावर ठेवून उभं राहायचं आणि कणीक मळण्याचं काम बसून करायचं, हेही त्याच बैठकीत ठरलं. दुसरी सूचना सासूबाईंचीच.

चपलेच्या जोडीला व्यायाम हवाच. सकाळी पलंगावरून उतरण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा, हातानं बोटं नडगीकडे ओढायची, तळव्यात पट्टा ताणलेला जाणवेपर्यंत. दहा आकडे मोजायचे, असं दहा वेळा. दिवसात आणखी दोनदा. भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीला ठेवून पोटरीचा ताण, अर्धा-अर्धा मिनिट. संध्याकाळी फ्रीजरमधली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून तळव्याखाली पाच-दहा मिनिटं फिरवायची.

साधारण दीड महिन्यानं सकाळची कळ निम्मी झाली. जूनमध्ये चार लग्नांचे डबे एकदम आले आणि दुखणं पुन्हा उसळलं. त्या घाबरून आल्या. व्यायाम बंद पडला होता, तो परत सुरू केला. दिवाळीपर्यंत टाच जवळपास विसरली गेली. सँडलची टाच एका बाजूनं झिजली तेव्हा त्या स्वतः दुकानात गेल्या, कागद घेऊन. लेकीला सोबत नेलं नाही.

प्रत्येक टाचदुखी अशी नसते. रात्री झोपेतही टाच दुखत असेल, टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर तीव्र दुखत असेल, मुंग्या येत असतील, सूज किंवा ताप असेल, पडल्या-लागल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, किंवा तरुण वयात दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबर आखडत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तर तळव्याची संवेदना तपासून घेतल्याशिवाय सँडल घेऊ नका. काटेवाली चप्पल तर मुळीच नको. पट्टा घासून जखम झाली तरी कळत नाही, म्हणून नव्या सँडलचे पहिले काही दिवस थोडाच वेळ घालून, काढल्यावर बोटांच्या बेचक्यांसकट पाय उजेडात नीट पाहा. खाली वाकवत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा किंवा घरातल्या कुणाला पाहायला सांगा.