गोवराची लहानपणची एकच लस मोठेपणी पुरते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: जन्म १९९१ चा, कार्डावर नवव्या महिन्यातल्या गोवराच्या एकाच लसीची नोंद, घरात पाच महिन्यांचं बाळ आणि शेजारच्या इमारतीत गोवराचे रुग्ण. इतक्या वर्षांनी त्या लसीचा परिणाम उरला असेल का?

वर्षं किती झाली याची काळजी कमी करा. त्यापेक्षा ती लस तेव्हा लागू पडली होती का, ही शंका मोठी आहे. या लसीत जिवंत पण कमजोर केलेला विषाणू असतो आणि तो शरीरात थोडा वाढला तरच प्रतिकारशक्ती तयार होते. नऊ महिन्यांच्या काही बाळांच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडं (विषाणूला अडवणारी प्रथिनं) अजून शिल्लक असतात, ती या विषाणूला वाढू देत नाहीत. म्हणून नवव्या महिन्यातला डोस १०० पैकी साधारण ८५ बाळांनाच लागू पडतो. त्यात साठवणीच्या चुकांची भर पडते. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते आणि द्रावक मिसळल्यावर चार तासांत वापरली नाही तर फेकावी लागते. उष्णतेने निकामी झालेली कुपी नुसती बघून ओळखता येत नाही.

ज्यांना लस लागू पडली, त्यांचं संरक्षण बहुतेक वेळा आयुष्यभर टिकतं. प्रतिपिंडांची पातळी हळूहळू उतरते हे खरं, पण विषाणूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी राहतात. विषाणू शिरल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारण दोन आठवडे जातात आणि नवी प्रतिपिंडं बनवायला या पेशींना तेवढा वेळ पुरतो. थोड्या जणांत संरक्षण खरोखरच विरतं. त्यांना गोवर झाला तरी तो सहसा सौम्य असतो, आणि त्यांच्याकडून इतरांना लागणही कमी होते. आजार होऊन गेल्यावरची स्मृती किती टिकते, याचा जुना दाखला उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरचा आहे. तिथे १७८१ नंतर थेट १८४६ मध्ये गोवराची साथ आली. पहिल्या साथीत आजारी पडलेले म्हातारे ६५ वर्षांनंतरही सुरक्षित राहिले, असं पानुम या डॅनिश डॉक्टरने नोंदवलं. लस १९६३ पासून वापरात आहे, म्हणजे तिचा अनुभवही आता साठ वर्षांवर गेला.

दुसरा डोस मुख्यतः शंभरातल्या त्या उरलेल्या पंधरा जणांसाठी असतो, ज्यांना पहिला लागू पडत नाही. दोन्ही डोस झाले की संरक्षण सुमारे ९७ टक्क्यांवर जातं. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात गोवराची लस १९८५ मध्ये आली, दुसरा डोस २०१० पासून. मधल्या काळात जन्मलेल्या बऱ्याच जणांना एकच डोस मिळाला. खासगी दवाखान्यात पंधराव्या महिन्याला एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस) घेतली असेल, तर तो दुसरा डोस धरा. महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीस सुरू झालेल्या गोवर-रुबेला मोहिमेत १५ वर्षांखालच्या मुलांना जादा डोस मिळाला, पण तुमचं वय तेव्हा निघून गेलं होतं.

तेव्हा तुम्ही एमएमआरचा एक डोस घ्या. बाळाच्या आईची नोंद सापडत नसेल, तर त्यांनी २८ दिवसांच्या अंतराने दोन घ्यावेत. अंगावर पाजत असताना ही लस चालते. गर्भारपणात चालत नाही, आणि घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळावी. केमोथेरपी किंवा स्टिरॉइडचे मोठे डोस चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आधीच संरक्षण असलेल्याने जादा डोस घेतला तरी अपाय नाही, त्यामुळे रक्तातली प्रतिपिंडं मोजणाऱ्या आयजीजी तपासणीवर पैसे घालवू नका. स्मृतिपेशी त्या तपासणीत दिसत नाहीत. ‘लहानपणी गोवर निघाला होता’ या घरच्या आठवणीवरही विसंबू नका. कितीतरी वेगवेगळ्या पुरळांना आपल्याकडे गोवरच म्हणतात.

रुग्णाशी संपर्क आलाच, तर मोठ्यांनी ७२ तासांच्या आत लस घ्यावी. बाळाला सहा महिन्यांखाली लस देत नाहीत. संपर्कानंतर सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) देता येतं, म्हणून त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना गाठा. सहा महिने पूर्ण झाल्यावर आरोग्य केंद्रात चौकशी करा. मुंबईत २०२२ च्या साथीत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना जादा ‘झिरो डोस’ दिला होता. तो मिळाला तरी मोजणीत धरत नाहीत. नऊ महिने पूर्ण झाल्यावरचा आणि १६ ते २४ महिन्यांतला, हे दोन्ही डोस द्यावेच लागतात.